घरघंटी घेताना डेमो गव्हाचा नको, डाळीचा आणि ज्वारीचा मागा

घरघंटीची किंमत, उंची, रंग हे सगळं लगेच ठरलं. अडलं ते डेमोवर. जिथे जावं तिथे गहूच दळून दाखवतात. गहू कुठल्याही मशीनमध्ये बरा निघतो, खरा कस लागतो तो हरभराडाळीला आणि भाकरीच्या ज्वारीला. घरून दोन्ही घेऊन गेले, तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, डेमो फक्त गव्हाचा." रोजच्या वापरातली वस्तू, आणि आपलं धान्य घालून बघायची सोय नाही! याचा राग अजून आहे. मी तिथून उठले आणि जिथे डाळ दळू दिली तिथेच मशीन घेतलं.

हा हट्ट का, तर बहुतेक घरघंट्यांत दगड नसतो. पोलादी बीटर वेगाने फिरतात, दाणा आपटून फुटतो आणि जाळीच्या भोकातून जाईल इतका बारीक झाला की खाली पडतो. जाळी बारीक लावली की पीठ आत जास्त वेळ घुसळतं, तापतं आणि दळण हळू होतं. बेसन तर जाळीला चिकटून भोकंच बुजवतं. म्हणून पत्रकावरचा 'ताशी इतके किलो' हा आकडा कुठल्या धान्याचा, कुठल्या जाळीवरचा, ते विचाराच. जाळीच्या नंबरावर जाऊ नका, तो कंपनीगणिक बदलतो. जाळी उजेडासमोर धरून भोकं बघा. ज्वारीचं पीठ चिमटीत चोळा. रवाळ लागलं तर भाकरी थापताना कडा चिरणार. एक किलो धान्य मोजून टाका आणि पीठ पुन्हा तोला. जे कमी भरेल त्यातलं बरंचसं आत अडकलेलं असतं. गव्हानंतर उपवासाची वरई दळायची असेल तर हे फार महत्त्वाचं. आधी ब्रशने साफ करा, मग मूठभर वरई दळून ते पीठ बाजूला काढा.

१ एचपीची मोटर सुरू होताना बराच जास्त करंट ओढते. १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला पॉइंट हवा, एक्स्टेंशन बोर्ड नको. मशीन रिकामं सुरू करून मगच धान्य सोडायचं.

डाळीला आधी कडक ऊन द्या. भाजणी पूर्ण गार झाल्यावरच दळा. तीळ, शेंगदाणे घरघंटीत मुळीच नकोत, तेल सुटून जाळी लिंपते. आणि ताजं पीठ गरम असताना डबा बंद करू नका, वाफ धरून गुठळ्या होतात.