निकाल मोबाईलवर येतोच की!

वर्षातून एका सोमवारी मी तारवटलेल्या डोळ्यांनी बँकेत जाते आणि कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, ऑस्करसाठी एवढ्या पहाटे उठायचं कशाला? निकाल मोबाईलवर येतोच की!" इतकी वर्षं "सवय झालीय हो" म्हणून वेळ मारून नेली. परवा नव्यानं रुजू झालेल्या मुलीनंही तेच विचारलं. म्हटलं, आता एकदा नीट सांगून टाकू.

मी चुकायला उठते. माझा अंदाज चुकावा आणि तो चुकताना मी जागी असावी, एवढ्यासाठी झोपेचं खोबरं करते.

हे मला कळलं ते 2017 साली, आणि तेही माझं हुकलं म्हणून. त्या वर्षी सोहळा आपल्याकडे सकाळी सातला सुरू झाला होता. शेवटचा, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार जाहीर व्हायला साडेदहा वाजून गेले. सोमवारी साडेदहाला बँकेत कोण कुठे असतं ते सांगायला नको. टीव्हीसमोर आई एकटीच होती. आई मूळची कोल्हापूरची, इंग्रजी जेमतेम, पण साड्या-ड्रेस बघायला म्हणून बसते आणि मग उठत नाही. तिचा फोन आला.

"अगं, त्यांना दिलं आणि काढून घेतलं!"

"कुणाला?"

"त्या नाचगाणीवाल्यांना. त्यांची भाषणंसुद्धा झाली. मग म्हणे हे तुमचं नाही, त्या दुसऱ्यांचं."

मी म्हटलं, आई, तुझा काहीतरी गोंधळ झालाय. काउंटरवर माणसं उभी होती, फोन ठेवला. गोंधळ झालाच होता, पण आईचा नव्हे. विजेत्यांच्या पाकिटांचे तेव्हा दोन संच असायचे, मंचाच्या दोन बाजूंना एकेका हिशेबनिसाकडे. नाव जाहीर करायला आलेला जुना अभिनेता वॉरन बेटी, त्याच्या हातात सर्वोत्कृष्ट चित्रपटाऐवजी आधीच जाहीर झालेल्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं दुसरं पाकीट दिलं गेलं. आत एमा स्टोनचं नाव आणि खाली तिच्या नाचगाण्यांच्या चित्रपटाचं, 'ला ला लँड'. बेटी घुटमळला, पाकिटात आणखी काही आहे का ते चाचपलं, आणि कार्ड शेजारी उभ्या अभिनेत्री फे डनवेला दाखवलं. तिनं चित्रपटाचं नाव वाचून टाकलं. खरा विजेता होता 'मूनलाइट', आणि ते जगाला सांगितलं 'ला ला लँड'च्याच एका निर्मात्यानं, खरं कार्ड हातात उंच धरून.

संध्याकाळी मी ते बघितलं आणि आईला म्हणाले, "किती स्पष्ट दिसतंय गं! त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलंय, कार्ड भलतंच आहे."

"आता दिसतंय," आई म्हणाली. "सकाळी मला वाटलं, म्हाताऱ्याला चष्मा लागतोय आणि चारचौघांत काढायला लाजतोय. म्हणून बाईकडे दिलं वाचायला."

त्या सभागृहात बसलेले लोकही त्या क्षणी हसत होते. त्यांना वाटलं, बेटी मुद्दाम ताणतोय. आईचा चष्म्याचा तर्क त्यांच्या तर्काइतकाच भक्कम होता. आणि असा एक तर्क करायची संधी माझ्याकडून कायमची गेली होती. शेवट कळल्यावर आपण सगळेच फार हुशार होतो.

तशी ती बंद पाकिटंही कुणाला तरी निकाल आधी कळला म्हणूनच आलीत. पूर्वी वर्तमानपत्रांना विजेत्यांची नावं आगाऊ देत असत, सोहळ्यानंतर छापायच्या बोलीवर. 1940 मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'नं ती आधीच छापली. पुढच्याच वर्षापासून पाकिटं सीलबंद. 2017 नंतर तर पाकिटांचा तिसरा संच घेऊन आणखी एक हिशेबनीस नियंत्रण कक्षात बसवला. आमच्याकडे तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्यातलाच प्रकार.

2021 चा सोहळा मात्र बघवत नव्हता आणि बंदही करवत नव्हता. एप्रिलचा शेवट, दुसरी लाट, गल्लीतून अॅम्ब्युलन्स जायची की आई टीव्हीचा आवाज कमी करायची. त्या वर्षी दिवंगत कलाकारांची आठवण करून देणारा भाग इतका भरभर पळवला, की आई चष्मा लावेपर्यंत भानू अथैय्या येऊन गेल्या. आपल्या कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी 1983 साली ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती. "थांबव, थांबव," आई म्हणाली. थांबवता येत नाही ना.

त्या दिवशी क्रमही उलटा केला होता. सर्वोत्कृष्ट चित्रपट आधी, अभिनेत्री त्यानंतर आणि अभिनेता सर्वांत शेवटी. सगळ्यांनी एकच अर्थ लावला: नामांकन मिळालेला अभिनेता चॅडविक बोसमन. 2020 च्या ऑगस्टमध्ये तो गेला होता, त्याच्या नावानं सोहळा संपणार, सभागृह उभं राहणार. मी पदराला डोळे पुसायची तयारी करून बसले होते. वाकीन फिनिक्सनं नाव वाचलं: अँथनी हॉपकिन्स. तो वेल्समध्ये झोपलेला. फिनिक्सनं ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या वतीनं पुरस्कार स्वीकारला आणि खेळ खलास. दुसऱ्या दिवशी लोक हॉपकिन्सवर उगाच चिडले. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसानं 'द फादर'मध्ये जे काम केलंय त्याला तोड नाही. चिडायचं तर रडण्याची वेळ ठरवून देणाऱ्यांवर चिडायला हवं होतं. पण ते हातात रुमाल धरून रितं बसणं, ते कुठल्या मोबाईलवर येणार?

पुढच्या वर्षी विल स्मिथनं मंचावर जाऊन विनोदवीर क्रिस रॉकच्या थोबाडीत मारली, तेव्हा मी चक्क हसले. मला ते बसवलेलं प्रहसन वाटलं. स्मिथच्या बायकोच्या केस गळण्याच्या आजारावरून रॉकनं केलेली कोटी होती हे नंतर कळलं, आणि आपण कशाला हसलो याची लाज वाटली. साधारण चाळीस मिनिटांनी स्मिथलाच सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला आणि ज्यांच्यासमोर मारलं तेच लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. त्याच्यावर सोहळ्याला यायची दहा वर्षांची बंदी नंतर आली. बँकेत दिवसभर त्याचीच चर्चा. घरी आईचं दुसरंच. "मारामारी राहू दे. लताबाई कुठायत?" लताबाईंना जाऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि टीव्हीवरच्या त्या श्रद्धांजलीत त्यांचं नाव नव्हतं. "हजारो गाणी गायलेली बाई यांना आठवत नाही, आणि आपण पहाटे उठतो," असं म्हणून ती जी आत गेली, ती दुपारपर्यंत त्या विषयावर बोलली नाही.

पुढे कधी बघणार नाही म्हणाली होती. 2024 ला सोहळा आपल्याकडे साडेचारलाच सुरू झाला. "एवढ्या पहाटे मी काकड आरतीलाही उठत नाही," असं रात्री बजावून ती झोपली आणि मी उठले तर सोफ्यावर, चष्मा लावून, शाल घेऊन बसलेली. दिवंगतांच्या भागात कला दिग्दर्शक नितीन देसाईंचा फोटो आला तो तिनं या वेळी नीट बघितला.

अभिनेत्रीचा पुरस्कार लिली ग्लॅडस्टोनला, हे आम्हा दोघींचं पक्कं ठरलेलं. जाहीर झाली एमा स्टोन. तीच, जिच्या नावाच्या कार्डानं 2017 ला घोळ घातला होता. आई मला काही बोलू देईना. "हिच्या ड्रेसची पाठीमागची चेन गेलीय बघ."

"काहीतरीच काय!"

बाई माइकपाशी पोचली आणि स्वतःच म्हणाली, माझा ड्रेस फाटलाय.