गोरिला, हेल्मेट आणि साबणाचे फुगे

'रोबॉट मॉन्स्टर' नावाच्या १९५३च्या अमेरिकन सिनेमात पृथ्वीवरची माणसं संपवायला आलेला जो परग्रहवासी आहे, तो म्हणजे गोरिलाच्या पोशाखातला एक धिप्पाड माणूस. डोक्यावर पाणबुड्याचं हेल्मेट. बस्स. दिग्दर्शक फिल टकरकडे रोबॉट बनवायला पैसे नव्हते आणि जॉर्ज बॅरोज नावाच्या नटाकडे गोरिलाचा पोशाख घरचाच होता. प्रश्न मिटला. या महाशयांचं ठाणं म्हणजे लॉस एंजेलिसच्या ब्रॉन्सन कॅन्यनमधली एक गुहा. तोंडाशी टेबल, टेबलावर रेडिओछाप यंत्र आणि बाजूला सतत उडणारे साबणाचे फुगे. का, ते विचारू नका. श्रेयनामावलीत मात्र फुग्यांच्या यंत्राचं नाव ठसठशीत आहे.

हा सिनेमा मी भाच्याबरोबर पाहिला. तो मुंबईत व्हीएफएक्सच्या, म्हणजे संगणकावरच्या दृश्य-करामतींच्या कामात आहे. रोटो करतो, म्हणजे पडद्यावरच्या माणसाची कड फ्रेमगणिक कापून वेगळी काढायची. डोळे जातात, मान जाते आणि शेवटी नावांच्या यादीत आपलं नाव शोधावं लागतं. पाचव्या मिनिटाला म्हणाला, "मावशी, तू हे खरंच बघणारेस?"

"फुगे बघ," म्हटलं, "आणि कान दे."

कारण या सिनेमाला पार्श्वसंगीत आहे एल्मर बर्नस्टाइनचं. पुढे 'द मॅग्निफिसंट सेव्हन'ला ज्याने संगीत दिलं तोच. समोर केसाळ माणूस डोंगर चढताना धापा टाकतोय आणि बर्नस्टाइनने मात्र जगबुडी आल्यासारखा जीव ओतलाय. चार दिवसांत उरकलेल्या सिनेमात एक माणूस हातचं काही न राखता काम करतोय, हे ऐकू येतं. मला अशा स्वस्तातल्या विज्ञानपटांचा नाद लागला तो यामुळे. मोठ्या सिनेमात हजार जणांची मेहनत एकमेकांत विरघळून जाते. इथे कोण राबलंय आणि कोणी पाट्या टाकल्यात, ते वेगवेगळं दिसतं.

माझी नजर तशी बिघडलेलीच आहे, कारण कॉलेजात मी पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांना प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावरच्या वस्तू बघायचे. एका वर्षी आमच्या एकांकिकेत यान होतं. बजेट म्हणजे वर्गणी आणि वर्गणी म्हणजे उधारी. टीव्हीच्या खोक्यात येतं ते थर्माकोलचं पॅकिंग एका दुकानाच्या मागच्या बोळातून उचलून आणलं. ते उलटं करून बघा कधी. खाचा, कप्पे, कोनाडे... प्रत्येक पॅकिंग हे मुळात यानाचंच असतं, टीव्ही त्यात चुकून येतो. स्प्रे पेंटने थर्माकोल खाल्ला जातो हे आमच्यातल्या एकाला ठाऊक होतं. म्हणून जिथे पृष्ठभाग गुळगुळीत हवा तिथे फेविकॉलचा हात दिला, बाकी तसंच ठेवलं आणि वरून चंदेरी स्प्रे मारला. उघडा भाग चरचरत आत गेला आणि उल्कांनी टोचल्यासारखी खडबडीत कातडी तयार झाली. मग प्रकाशयोजनेवाल्याने दिव्याला हिरवं जिलेटीन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद लावला आणि उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरकडे बोट दाखवून बजावलं, "हा याच्यावर न्यायचा नाही. नेला की थर्माकोल दिसेल." भरत नाट्य मंदिरात तिसऱ्या रांगेपासून मागे ते यानच वाटलं. पहिल्या दोन रांगांचं मी बोलत नाही.

सांगायचा मुद्दा, 'रोबॉट मॉन्स्टर'मध्ये गोरिला चुकलेला नाही, ऊन चुकलंय. भर दुपारी, टळटळीत उन्हात तो चालतो. त्यालाच गुहेच्या आत नेऊन नुसतं हेल्मेट चमकू दिलं असतं, तर लोक इतके हसले नसते. पण लाइट लावायचे म्हणजे पैसे आणि थांबायचं म्हणजेही पैसे. ऊन फुकट.

हेच दिग्दर्शक एड वुडच्या 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'चं. त्यावर लिहून लिहून लोकांनी चोथा केलाय, म्हणून हलणारी थडगी वगैरे सोडून देते. त्यातला नट, एकेकाळचा 'ड्रॅक्युला' बेला लुगोसी १९५६त वारला आणि त्याची थोडीशीच फिल्म हातात होती, तेव्हा वुडने आपल्या बायकोच्या ओळखीच्या हाडवैद्याला झगा घालून उभं केलं आणि तोच तोंडासमोर धरायला सांगितला. तो लुगोसीपेक्षा चांगलाच उंच. मला यात हसूही येतं आणि पोटात तुटतंही.

ज्याने खरा वैताग येतो ते दोष वेगळेच आहेत. गोष्ट संपलीय पण सिनेमा संपलेला नाही, म्हणून दोन शास्त्रज्ञ खुर्च्यांवर बसून आपण आत्ताच पाहिलेलं एकमेकांना सांगतात. सैन्याच्या हालचाली म्हणून कुठल्यातरी जुन्या रिळातले रणगाडे येतात, त्यांच्या फिल्मचा दाणाही जुळत नाही. टकरने तर १९४०च्या दुसऱ्याच सिनेमातले डायनोसॉर आणून चिकटवलेत. त्यात सरडे आहेत आणि पाठीवर नकली पर बांधलेली मगर. थर्माकोलला मी कधीच नावं ठेवणार नाही. कंटाळ्याला ठेवेन, कारण माझी वीस मिनिटं खाऊन कुणाचाच एक पैसा वाचत नाही.

आपल्याकडेही दारासिंग १९६७त चंद्रावर गेला होता, 'चांद पर चढाई'मध्ये. आर्मस्ट्राँगच्या दोन वर्षं आधी. तिथे जाऊन त्याने काय केलं असेल? कुस्ती. चंद्रावरचं गुरुत्वाकर्षण कमी असतं हे ना दारासिंगला मान्य, ना समोरच्याला. पण दारासिंगला आणून त्याला दगडांचे नमुने गोळा करायला लावले असते तर लोकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले असते.

आता 'डार्क स्टार'. जॉन कार्पेंटर आणि डॅन ओ'बॅनन यांनी विद्यार्थी असताना सुरू केला आणि निर्माता मिळाल्यावर वाढवून १९७४त थिएटरात आणला. सगळा मिळून खर्च साठ हजार डॉलरच्या आसपास. अंतराळवीराच्या पोशाखावर छातीशी केक भाजायचा ट्रे आहे. तो दिसला तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. आमचीच जात! यात एक परग्रहावरचा प्राणी आहे. तो म्हणजे रंगवलेला बीच बॉल, खाली दोन पंजे. कुणीही पाहिलं तरी चेंडूच दिसतो आणि सिनेमाही तो चेंडू नाही असा आव आणत नाही. पण तो चेंडू हलतो कसा ते बघा. आधी जरासा थांबतो, अंग आक्रसतो, मग वळतो. निक कॅसल नावाच्या मित्राने तो नाचवलाय आणि पुढे कार्पेंटरच्याच 'हॅलोवीन'मध्ये मुखवट्यामागे उभा राहून ज्याने जगाची झोप उडवली तोही हाच. चेहरा नसताना अंगाने कसं बोलायचं, हे त्याला चेंडूपासून ठाऊक होतं म्हणायचं.

त्या चेंडूच्या नादात ओ'बॅनन (यात तो नटही आहे) लिफ्टच्या बोगद्यात लटकतो तो प्रसंग तर मी थांबवून थांबवून पाहिलाय. बोगदा उभा नाहीच, आडवा आहे. माणूस जमिनीला समांतर राहून 'लटकतोय' आणि लिफ्ट त्याच्याकडे आडवीच सरकत येतेय. भाचा इथे पहिल्यांदा पुढे सरकून बसला. "वजन बरोबर घेतलंय गं याने," म्हणाला. त्यांच्या धंद्यात हे मोठं प्रमाणपत्र.

आणि मग तो बॉम्ब. विसाव्या क्रमांकाचा बॉम्ब यानाला अडकून बसलाय, फुटायची वेळ जवळ आलीय आणि तो ऐकत नाही. तेव्हा एक अंतराळवीर बाहेर जाऊन त्याच्याशी तत्त्वज्ञानाची चर्चा करतो: तू आहेस हे तुला कशावरून कळलं? तुला मिळालेला हुकूम खराच आहे कशावरून? बॉम्ब विचारात पडतो. खर्च किती, तर एक मॉडेल आणि एक आवाज. असे प्रसंग महागड्या सिनेमात टिकत नाहीत. चार लोक मिटिंगमध्ये बसतात आणि विचारतात, इथे प्रेक्षक उठून गेला तर? लोक 'डार्क स्टार'ला हवे तेवढे हसले नाहीत म्हणून ओ'बॅननने ठरवलं की आता घाबरवू आणि यानात शिरलेल्या प्राण्याचीच गोष्ट नव्याने लिहिली. ती 'एलियन'.

'प्रायमर'चं वेगळंच. शेन कॅरुथ हा गणित शिकलेला, इंजिनिअर म्हणून काम केलेला माणूस. त्याने सात हजार डॉलरांत हा सिनेमा केला. तेव्हाच्या भावाने तीन लाखांच्या जरा वर, म्हणजे एखाद्या लग्नाच्या मांडव-जेवणाचा खर्च. लेखन, दिग्दर्शन, संकलन, संगीत, मुख्य भूमिका, सगळं स्वतः. २००४त सनडान्स चित्रपट महोत्सवाचं सगळ्यात मोठं बक्षीस त्याला मिळालं. यात कालयंत्र म्हणजे गुदामातल्या गाळ्यात ठेवलेली एक खोकी. ना दिवे, ना धूर. सहा तास मागे जायचं तर त्या खोक्यात सहा तास पडून राहायचं! आणि मधल्या वेळात स्वतःशीच गाठ पडू नये म्हणून दिवसभर हॉटेलच्या खोलीत सगळ्यांपासून लांब बसायचं. इथे मला दाद द्यावीशी वाटते. खोली स्वस्त पडते म्हणून कथा खोलीत बसलेली नाही. कालप्रवासाचा नियमच असा केलाय की माणसाला खोलीत बसण्यावाचून गत्यंतर नाही. प्रॉपर्टीवालीचं काम कथाकाराने आधीच करून ठेवलेलं.

तोटाही सांगते. यातले दोघे नायक तोंडातल्या तोंडात बोलतात, वाक्यं एकमेकांवर चढतात आणि अर्ध्यानंतर कुठला माणूस कितव्या खेपेचा हे मला आजही सांगता येत नाही. भाच्याने कागदावर बाण काढले. ते बाणही एकमेकांत अडकले.

'कोहिरन्स' दिग्दर्शक जेम्स बर्किटच्या स्वतःच्या घरात पाच रात्रींत चित्रित झालाय. धूमकेतू जातो, वीज जाते आणि सगळ्या गल्लीत एकाच घरात उजेड दिसतो. तिथूनच भीतीला सुरुवात. आपल्याकडे असतं तर "त्यांच्याकडे इन्व्हर्टर असेल" म्हणून लोक जेवायला बसले असते.

आरती कडवचा 'कार्गो' मात्र अगदी आपल्या मातीतला. 'पुष्पक ६३४-ए' नावाचं यान, त्यात नोकरीला राक्षस आणि रोज येणारी मेलेली माणसं. त्यांची दुरुस्ती करायची, आठवणी पुसायच्या आणि पुनर्जन्माला पाठवून द्यायचं. यान कसलं, तालुक्याचं कार्यालयच ते. जुनाट पडदे, खटके, कुरकुरणारी यंत्रं. पैसे कमी आहेत हे दिसतं, पण सरकारी यान याहून चकाचक असेल यावर माझा तरी विश्वास बसला नसता. पडद्यावरून सूचना देणारे साहेब म्हणजे आपले नंदू माधव. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त त्यांनी फाळके केले होते आणि भांडवल उभं करायला कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोडी थोडी फ्रेमने टिपून दाखवणारे फाळके या स्वस्तातल्या चमत्कारांचे आपल्याकडचे मूळपुरुष. एक कुंडी, एक कॅमेरा आणि महिन्याभराचा काळ डोळ्यांसमोर सरसर वर. माधवांची निवड मुद्दाम केली की योगायोग, देव जाणे.

एक प्रकार मात्र मी बघत नाही. हल्ली ठरवून वाईट सिनेमे काढतात. वादळातून शार्क पडतात वगैरे. तिथे नट आधीच डोळा मारत असतात, बघा आम्ही किती भंगार. बॅरोजने त्या उन्हात, त्या केसाळ पोशाखात एकदाही डोळा मारला नाही. (हेल्मेट होतं हे मान्य.) भाचा म्हणतो, "मावशी, तू उगाच भावुक होतेस. त्याला दिवसाचे पैसे मिळत होते."

मिळत असतील. पोशाख घरचा होता, त्याचं भाडं वेगळं लावलं असेल अशी आशा आहे.