गेंड्याच्या गळ्यातली पिवळी गाठ

मानेचं ऑपरेशन सुरू होऊन दीड तास झाला होता आणि चौथी पॅराथायरॉइड ग्रंथी काही हाती लागत नव्हती. तीन सापडल्या, तिन्ही नॉर्मल. टेबलावरच्या बाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या. दोनदा मुतखडा काढून झालेला, हाडं सतत दुखायची, रक्तातलं कॅल्शियम वाढून १२.४ झालेलं. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या मानेतल्या या चार ग्रंथींपैकी एक बेसुमार हार्मोन सोडत होती एवढं कळत होतं, पण स्कॅनमध्ये ती दिसलीच नव्हती.

या ग्रंथी म्हणजे तुरीच्या डाळीएवढ्या. रंग पिवळसर तपकिरी, आणि आजूबाजूची चरबीही पिवळीच. रक्ताचा थेंब पसरला की सगळं एकसारखं दिसायला लागतं. मी घाईने चिमटा चालवू लागलो, तशी सरांनी माझा हात थांबवला.

"ओढू नकोस, आधी नीट बघ. ओवेनला ही गेंड्यात दिसली होती, आपल्याला माणसात दिसू नये?"

रिचर्ड ओवेन, 'डायनोसॉर' हा शब्द १८४२ मध्ये ज्याने दिला तो. शिक्षणाने आमच्यासारखाच सर्जन. पण १८२७ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये जॉन हंटरच्या संग्रहाची यादी करायला लागला आणि पुढे प्राण्यांच्या शरीररचनेतच रमला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जनावर मेलं की त्याच्यावर पहिला हक्क ओवेनचा. एकदा बाहेरून घरी आलेल्या त्याच्या बायकोला दारातच मेलेला गेंडा दिसला, असंही सांगतात. सर म्हणत होते तो गेंडा आपल्याकडचा, भारतीय. १८३४ मध्ये हजार गिनी मोजून घेतलेला, १८४९ च्या नोव्हेंबरात मेला. ओवेनने त्याचं विच्छेदन केलं. त्या अजस्र धुडात, थायरॉइडमधून शिरा बाहेर पडतात नेमकी तिथे, एक बारकी, घट्ट, पिवळी ग्रंथी चिकटलेली त्याच्या नजरेला पडली. ती कशासाठी असते हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी १८५० च्या फेब्रुवारीत झूलॉजिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात त्याने तिची नोंद केली. माणसातल्या या ग्रंथींचं सविस्तर वर्णन करून त्यांना नाव दिलं ते स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉमने, थेट १८८० मध्ये. माणूस म्हणून ओवेन भांडखोर होता, दुसऱ्याला श्रेय देताना त्याचा हात आखडायचा. पण उपयोग माहीत नसलेली गाठ न वगळता लिहून ठेवणाऱ्या त्या नजरेपुढे मी मनापासून हात जोडतो.

आम्ही जखम स्वच्छ धुतली, दिवा सरकवला आणि पुन्हा बघायला बसलो. सरांनी छातीच्या हाडामागून थायमस या ग्रंथीचं टोक अलगद वर घेतलं. त्याच्या पापुद्र्याखाली काहीतरी गडद होतं. पापुद्रा उघडला तर वालाच्या दाण्याएवढी तपकिरी गाठ. काढून सलाइनच्या वाटीत सोडली. चरबी असती तर तरंगली असती. ही सरळ तळाला गेली.

हार्मोन उतरलं का ते बघायला दहा मिनिटांनी रक्त पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत कुणी फारसं बोललं नाही. हार्मोन २१२ वरून ३१ वर आलं होतं. सरांनी मान हलवली आणि टाके घालायला मला पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी राउंडला गेलो तेव्हा बाई जेवत होत्या. "केवढी होती हो डॉक्टर?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्या ताटातल्या उसळीतला एक वाल दाखवला.