तडसाच्या नावावरच्या सात बकऱ्या

बकरी कोणी मारली, हे आमच्याकडे शेवटी एका कागदावर ठरते. वन्यप्राण्याने जनावर मारल्याची तक्रार आली की वनविभाग पंचनामा करतो, आणि मृत्यूचे कारण व जनावराची किंमत यांचा दाखला पशुधन विकास अधिकाऱ्याने द्यायचा असतो. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीच्या बाजूला मी हे काम करते. टिपेश्वर अभयारण्य जवळ असल्यामुळे माझ्याकडे येणारी प्रकरणे बहुधा वाघाची किंवा बिबट्याची असतात. गळ्यावर सुळ्यांच्या खोल खुणा, श्वासनलिका दबलेली आणि ओढून नेल्याची वाट एवढे सापडले की फारसा वाद उरत नाही. त्या फेब्रुवारीतल्या सकाळी मात्र निरोप आला तो एका कोलाम पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून. तडसाने, म्हणजे तरसाने (आमच्याकडे त्याला तडस म्हणतात), सात बकऱ्या मारल्या होत्या आणि तडसाला लोकांनी मोरीत कोंडले होते.

मी आणि आमचे व्रणोपचारक, म्हणजे दवाखान्यातले मलमपट्टी करणारे मदतनीस, मोटारसायकलने निघालो. वाटेत वनरक्षकाचा फोन आला. तो एकटाच तेथे पोचला होता. वनपरिक्षेत्र अधिकारी आणि बचाव पथक यायला अजून वेळ होता, आणि लोक त्याचे ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

रस्त्याखालच्या सिमेंटच्या मोरीची दोन्ही तोंडे उपटलेल्या पऱ्हाट्यांनी, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांनी, गच्च भरलेली होती. कापसाचा हंगाम संपल्यामुळे प्रत्येक धुऱ्यावर पऱ्हाट्यांचे ढीग पडलेले होते, त्यामुळे सरपणाला तोटा नव्हता. दहा-पंधरा पोरे काठ्या घेऊन उभी होती आणि एकाच्या हातात माचिस होती. मी फटीतून बॅटरीचा प्रकाश टाकला. आत, मोरीच्या मधोमध, तरस भिंतीला अंग लावून उभे होते. मानेपासून शेपटीपर्यंतची आयाळ त्याने ताठ उभारली होती. घाबरलेले तरस असेच करते आणि त्यामुळे ते आहे त्यापेक्षा बरेच मोठे दिसते. एरवी पूर्ण वाढलेले पट्टेरी तरस सुमारे 26 ते 41 किलोंचे असते.

"मॅडम, हा लेकरं उचलते," माचिसवाला पोरगा म्हणाला आणि त्याने मला मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. त्यात कळपाने शिकार करणारी, हसल्यासारखा आवाज काढणारी आफ्रिकेतली ठिपकेदार तरसे होती. तरसाची ती जात आपल्या देशात आढळत नाही. आपले तरस पट्टेरी असते, बहुतेक वेळा एकट्याने रात्री फिरते आणि मुख्यतः मेलेल्या जनावरांवर जगते. त्याच्या जबड्यात हाडे फोडण्याची ताकद असते. ती हाडे पचवल्यामुळे त्याची विष्ठा पांढरी पडते, आणि उरलेली हाडे ते गुहेच्या तोंडाशी जमवते. तो ढीग कोणी पाहिला की गावात गोष्ट तयार होते. हे सगळे मी त्या पोराला तेथेच सांगितले, पण जिच्या सात बकऱ्या गेल्या आहेत तिच्या शेजाऱ्यांना प्राणिशास्त्र ऐकवून त्यांचा राग उतरत नाही, हे मला ठाऊक होते. म्हणून मी एकच अट घातली: आधी मी बकऱ्या तपासणार, सगळ्यांच्या समोर, आणि तोवर काडी ओढायची नाही. पोडावरच्या एका म्हाताऱ्या काकांनी ती अट उचलून धरली. पोरांनी माचिस त्यांच्याकडे दिली.

बकऱ्यांची मालकीण साठीच्या पुढची, एकटी राहणारी बाई होती. तिचा कोठा म्हणजे कुडाच्या भिंती आणि एका बाजूला नुसते काट्यांचे कुंपण. सहा बकऱ्या कोठ्यात आणि त्याच्या आसपास पडल्या होत्या. सातवी शंभरेक पावलांवर, नाल्याच्या उतारावर. पहिल्या सहा जणींच्या मागच्या मांड्या, शेपटीची मुळे, पोटाच्या बाजू आणि कान फाटलेले होते. चावे असंख्य होते, वेगवेगळ्या आकारांचे, आणि खाल्लेले मांस जवळजवळ नव्हते. बिबट्या असा मारत नाही. भुकेने आलेले तरसही सहा जनावरे अशी फाडून टाकून जात नाही. धावणाऱ्या जनावराच्या मागे लागून, मागून जिथे तोंड पोचेल तिथे लचका तोडणे ही कुत्र्यांच्या टोळीची पद्धत आहे.

सातव्या बकरीची गोष्ट वेगळी होती. तिची एक मांडी अख्खी नाहीशी झाली होती, मांडीचे हाड आणि कवटी फुटलेली होती, आणि शेजारच्या ओल्या मातीत तरसाचे ठसे होते. पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असल्यामुळे ते ओळखता येतात. "हे पाहा, हे तं तडसानंच केलं ना जी?" असे चारही बाजूंनी विचारले जाऊ लागले. मी मालकिणीची परवानगी घेतली आणि कातडे सोलायला सुरुवात केली.

या कामातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जिवंत जनावराला चावा बसला तर त्या जागी कातड्याखाली रक्त साकळते, कारण हृदय अजून चालू असते. मेलेल्या जनावराला चावले तर भोक पडते, हाड मोडते, पण भोवतालचे मांस फिकेच राहते. मी त्या बकरीच्या पोटावरचे आणि शेपटीजवळचे चावे उघडून दाखवले. तेथे काळसर लाल रक्त थिजलेले होते. मग तुटलेल्या मांडीची आणि फुटलेल्या कवटीची जागा उघडली. तेथे रक्ताचा डाग नव्हता. बकरी कुत्र्यांच्या चाव्यांनी मेली होती, आणि ती मेल्यानंतर तरसाने तिला कोठ्यातून ओढून नेऊन खाल्ले होते. म्हाताऱ्या काकांनी वाकून दोन्ही जागा बोटाने चाचपून पाहिल्या आणि मागे वळून पोरांना म्हणाले, "तडस मेलेल्यावर आलं रे बाप्पा. मारणारे दुसरेच हायेत."

कुत्री कोठून आली, हे कोणाला सांगावे लागले नाही. मेलेली ढोरे गावाबाहेरच्या नाल्यात टाकली जातात आणि तेथे कुत्र्यांची टोळी कायमची राहते. पूर्वी अशी ढोरे गिधाडे काही तासांत संपवत. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचलेल्या जनावरांचे मांस खाऊन ती मेली. 2006 मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद करण्यात आले, तोवर देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे नव्वद टक्क्यांहून अधिक कमी झाली होती. गिधाडे गेल्यावर मेलेले खाऊन शिवार साफ करणारा मोठा रानटी प्राणी म्हणून आमच्या भागात तरसच उरले आहे, आणि त्यालाच आम्ही मोरीत कोंडले होते.

दुपारी वनपरिक्षेत्र अधिकारी पथकासह आले. त्यांनी कायदा सांगितला तो शांतपणे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मध्ये शिकार म्हणजे केवळ मारणे नव्हे; पकडणे, अडकवणे, हाकलून कोंडणे, विष घालणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच आहे. तरस पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होते. 2022 च्या दुरुस्तीने ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत आले, आणि त्याच्या शिकारीला किमान 3 आणि कमाल 7 वर्षांची कैद आहे. पोरे गप्प झाली. त्यांचे जबाब नोंदवण्यात आले. माझ्या मते त्या दिवशी तरसाला कायद्याइतकेच सोललेल्या कातड्यानेही वाचवले, कारण कैदेच्या भीतीने माणूस काठी खाली ठेवतो, पण रात्री कोणी पाहत नसताना ढोराच्या मढ्यात थिमेट हे विषारी कीटकनाशक घालण्यापासून त्याला थांबवायचे असेल, तर दोषी कोण हे त्याला स्वतःला पटलेले असावे लागते.

तरसाला बेशुद्ध करण्याची गरज नाही, असे आम्ही ठरवले. ते जखमी नव्हते, त्याची वाट माहीत होती, आणि दिवसभर धास्तावलेल्या जनावराला भुलीचे औषध देणे धोक्याचे असते. रस्त्यावरची गर्दी हटवली, गावाकडचे तोंड बंद ठेवले आणि नाल्याकडच्या तोंडातल्या पऱ्हाट्या हळूहळू ओढून काढल्या. अंधार पडल्यावर ते बाहेर आले आणि नाल्याच्या पात्रातून निघून गेले.

यानंतर उरली ती त्या दिवसाची सर्वांत अवघड गोष्ट. बकऱ्यांची मालकीण माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, मंग माह्या बकऱ्यायचं काय होते?" शासनाच्या नुकसानभरपाईच्या यादीत वाघ, बिबट्या, अस्वल, लांडगा, कोल्हा, तरस, मगर, रानकुत्रा असे प्राणी आहेत. गावातल्या भटक्या कुत्र्यांचे नाव त्यात नाही. तरसाने मारल्या असे मी लिहिले असते, तर तिला पैसे मिळाले असते. तिचा पुतण्या तेच म्हणाला, "तडसाचं नाव लिवून द्या ना जी. त्या जनावराले काय फरक पडते? हिले तं पैसे भेटतीन." तो लबाडीने बोलत नव्हता. काकूची उपजीविका एका रात्रीत गेलेली त्याने पाहिली होती.

मी त्याला सांगितले की फरक पडतो. माझा कागद वनविभागात जातो, वर्षाच्या आकडेवारीत मोजला जातो, आणि तरसाने एका रात्रीत सात बकऱ्या मारल्या हे एकदा सरकारी नोंदीत आले की पुढच्या वेळी माचिस काढणाऱ्याच्या हातात पुरावा असतो. शिवाय कुत्री नाल्यातच राहतात आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या कोठ्यात शिरतात. मी दाखल्यावर मृत्यूचे कारण कुत्र्यांचे चावे असे लिहिले. त्या बाईला तो कागद वाचून दाखवताना मला फार वाईट वाटले आणि आजही वाटते. भटक्या कुत्र्यांनी बकऱ्या मारल्या तर भूमिहीन, एकट्या बाईला मदत मिळण्याची काही तरी सोय शासनाने करायलाच हवी. ती होत नाही तोवर खोट्या नावाचा आग्रह होत राहील आणि त्याची किंमत तरसासारखे प्राणी देत राहतील.

दुसऱ्या आठवड्यात मी ग्रामपंचायतीला पत्र दिले. मेलेली ढोरे नाल्यात न टाकता गावापासून दूर खोल खड्ड्यात पुरावीत, आणि 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे कुत्र्यांच्या नसबंदीसाठी वरिष्ठांकडे मागणी करावी, असे त्यात लिहिले. खड्डा खणला गेला. नसबंदीच्या मागणीचा पाठपुरावा अजून चालू आहे. वन्यप्राण्याने खरोखरच जनावर मारले तर 48 तासांच्या आत कळवायचे आणि पंचनाम्यापूर्वी मढे हलवायचे नाही, हे वनरक्षकाने पोडावर घरोघरी सांगितले. मालकिणीला तिच्या शेजाऱ्याने दोन बकऱ्या बटईने दिल्या आहेत. होणाऱ्या पिल्लांतली अर्धी तिची. कोठ्याच्या उघड्या बाजूला पुतण्याने लोखंडी जाळी ठोकली आहे, आणि बकऱ्यांना लस टोचायला मी जाते तेव्हा ती जाळी मजबूत आहे की नाही हे तो मला आवर्जून तपासायला लावतो.