तुम्ही विचारलंत म्हणून : एका जेवणात किती प्रोटीन अंगी लागतं?

"एका वेळी तीस ग्रॅमच्या वर प्रोटीन खाल्लं की पुढचं सगळं वाया जातं म्हणे. खरं का हो?" मी आहारशास्त्रातली आहे असं कळलं, की पाचेक मिनिटांत हा प्रश्न येतोच. आकडा तेवढा बदलतो. कुणी वीस म्हणतं, कुणी पंचवीस. विचारणाऱ्याचा चेहरा मात्र काळजीचाच असतो, कारण बहुतेकांनी प्रोटीन पावडरच्या डब्याचे पैसे मोजलेले असतात आणि घरात ग्रॅमचा काटाही आणलेला असतो.

वाया जात नाही. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबायला हरकत नाही.

बाकीच्यांसाठी आधी आतडं. तीस ग्रॅम झाले की दार बंद, असं तिथे काही नसतं. जेवण जड असेल तर जठर ते सावकाश पुढे सोडतं, आणि लहान आतडं लांबलचक असल्यामुळे त्याला घाई नसते. अमिनो आम्लं (म्हणजे प्रोटीनचे सुटे घटक) आणि त्यांचे दोन-तीनच्या जोडीतले तुकडे आतड्याच्या भिंतीतून आत ओढून घेतले जातात. खाल्लेलं जास्त असेल तर हे काम जास्त वेळ चालतं, एवढाच फरक. दुधातल्या दोन मुख्य प्रोटीनपैकी व्हे भराभर शोषलं जातं, केसीन रेंगाळतं, शिजवलेलं अंडंही निवांत पचतं. वेगात फरक पडला म्हणून हिशेबात मोठी तूट येत नाही. खरी तूट पाहायची असेल तर कच्ची अंडी फोडून पिणाऱ्यांकडे बघा. १९९८मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी मोजलं, तेव्हा शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रोटीन पचलं आणि कच्च्यातलं जेमतेम ५१ टक्के. सिनेमातल्या पहिलवानांना हे कुणी सांगत नाही.

मग हा वीस-तीसचा आकडा आला कुठून? तो आतड्यातून आलेला नाही, मांडीतून आलेला आहे. २००९मध्ये कॅनडात सहा तरुणांना पायांचा जोरदार व्यायाम करायला लावला आणि नंतर वेगवेगळ्या दिवशी अंड्याचं प्रोटीन पाजलं : शून्य, पाच, दहा, वीस आणि चाळीस ग्रॅम. शरीरात खुणेचं अमिनो आम्ल सोडलेलं होतं. मांडीची कातडी बधिर करून सुईने स्नायूचा इवलासा तुकडा काढायचा आणि खुणेचा माल नव्या स्नायूत किती बसला ते बघायचं, अशी पद्धत. वीस ग्रॅमपर्यंत स्नायूबांधणी वाढत गेली. चाळीसला ती फारशी पुढे सरकली नाही, उलट ल्युसीन (एक अमिनो आम्ल) इंधन म्हणून जळण्याचं प्रमाण वाढलं. प्रयोग चांगला होता, पण त्याचा आवाका बघा : माणसं सहा, व्यायाम फक्त पायांचा, प्रोटीन एकाच प्रकारचं आणि मोजमाप चारेक तासांचं. जिमपर्यंत पोचेस्तोवर त्याचा 'शरीर वीसच ग्रॅम घेतं' असा कायदा झाला.

पुढे हा कायदा डळमळला. २०१६मध्ये स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठात सगळ्या अंगाचा व्यायाम करून घेतला, तेव्हा चाळीस ग्रॅमने वीसपेक्षा सुमारे वीस टक्के जास्त स्नायूबांधणी दिसली. आणि २०२३च्या अखेरीस नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या गटाने एका बैठकीत शंभर ग्रॅम दुधाचं प्रोटीन देऊन तब्बल बारा तास मागोवा घेतला. पंचवीस ग्रॅमवाल्यांपेक्षा यांची स्नायूबांधणी जास्त झाली आणि ती जास्त वेळ टिकली. जाळून टाकलेला वाटा नगण्य निघाला. चार तासांत खेळ आटोपला असता, तर यातलं बरंच दिसलंच नसतं.

तरीही 'शंभर ग्रॅम एकदम प्या' असा सल्ला मी यावरून देणार नाही. दुधातलं बहुतांश प्रोटीन केसीन असतं, म्हणजे मुळातच रेंगाळणारं. शिवाय बारा तासांची बांधणी म्हणजे सहा महिन्यांनी दंडावर दिसणारा स्नायू नव्हे. आणि चौपट खाल्लं म्हणून बांधणी काही चौपट झाली नाही.

आणखी एक गोष्ट विचारणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. स्नायू म्हणजे काही प्रोटीनचं एकमेव गिऱ्हाईक नाही. आत आलेल्या अमिनो आम्लांतला मोठा वाटा आतडं आणि यकृतच आधी काढून घेतात. मोठ्या माणसाचं शरीर रोज साधारण अडीचशे ते तीनशे ग्रॅम प्रोटीन मोडतं आणि जवळपास तेवढंच नव्याने बांधतं. त्यात आतड्याचं अस्तर येतं, पाचक रस येतात, रक्तातली प्रथिनं येतात. यानंतर जे उरतं त्यातल्या नायट्रोजनचा युरिया होतो आणि बाकीचा सांगाडा इंधन म्हणून जळतो. त्याला वाया जाणं म्हणत असाल, तर पोळीभातही वायाच जातो म्हणायचं.

म्हणून मी उलट विचारते : दिवसभराचं किती होतं? निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास लागतंच. वजनं उचलणाऱ्यांना १.६ ग्रॅमपर्यंत फायदा होतो, त्यापुढे सहसा फारसा हाती लागत नाही. हे १.६ चार जेवणांत वाटलं तर एका वेळचं ०.४ ग्रॅम होतं. साठ किलोच्या माणसाला चोवीस ग्रॅम. बघा, आला की नाही तोच आकडा? पण हा साधा भागाकार आहे, शरीराने घातलेली मर्यादा नव्हे. तीनच वेळा जेवत असाल तर तीनने भागा.

ज्यांनी हा प्रश्न खरंच विचारायला हवा ते मात्र कधी विचारत नाहीत, ते म्हणजे साठी ओलांडलेले. त्यांची अडचण जास्तीची नसते, कमीची असते. वयाबरोबर स्नायू मंद प्रतिसाद देतात. तरुणाला एका वेळी किलोमागे पाव ग्रॅम पुरतं, तिथे म्हाताऱ्या माणसाला ०.४च्या आसपास लागतं. दिवसभर थोडं थोडं खाणाऱ्या आजींचं एकही जेवण तिथवर पोचत नाही. फ्रान्समध्ये १९९९ साली पंधरा वृद्ध स्त्रियांवर प्रयोग झाला होता. ज्यांना दिवसाच्या प्रोटीनपैकी ऐंशी टक्के दुपारच्या एकाच जेवणात दिलं, त्यांच्या शरीराने ते सारखं वाटून खाणाऱ्यांपेक्षा चांगलं धरून ठेवलं. 'थोडं थोडं खा, अंगी लागेल' हे आपण ज्यांना सर्रास सांगतो, त्यांच्याच बाबतीत हे असं निघालं.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी यातलं काही मनावर घेऊ नये. त्यांचा आकडा त्यांचे डॉक्टर ठरवतील.

आणि जे रात्री दोनचा गजर लावून शेक प्यायला उठतात (असे आहेत, मला भेटतात), त्यांनी तो गजर बंद करावा. झोपण्याआधी घेतलेलं चाळीस ग्रॅम केसीन झोपेतही नीट पचतं आणि स्नायूंपर्यंत पोचतं, हे २०१२मध्येच तपासून झालं आहे. प्यायचंच असेल तर आधी प्या आणि झोपा.