डोक्याला शेक दिलेलं मूल वयात येताना

“पोरगी एकदम उंच झाली की!” कॅन्सरसाठी डोक्याला शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलेल्या सात वर्षांच्या मुलीबद्दल कुणी असं म्हटलं, तर खूश होण्याआधी टेप काढा.

वयात येण्याची यंत्रणा लहानपणी मेंदूच दाबून ठेवतो. डोक्याला १८ ते २४ ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) रेडिएशन मिळालं की हा दाब वेळेआधी सुटू शकतो. मुलींमध्ये हे जास्त होतं, आणि शेक जितक्या लहान वयात तितका धोका मोठा. मुलीला आठच्या आत स्तनांच्या वाढीची पहिली गाठ लागली किंवा मुलाचे वृषण नऊच्या आत वाढू लागले, तर ते लवकरच. डोस ३० ग्रेच्या वर गेला तर उलटही घडतं: पियुषिका या मेंदूतल्या ग्रंथीकडून हुकूमच सुटत नाही आणि वयात येणं रखडतं. काही मुलांत आधी लवकर सुरू होऊन नंतर अडकतं.

खरी फसगत उंचीत आहे. त्याच शेकाने वाढीचं हार्मोनही कमी पडतं. पण लवकर वयात येताना वाढलेल्या इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे मुलगी वर्षाला ५-६ सेंमी वाढत राहते आणि तक्त्यावर सगळं ठीक दिसतं. वयात येणारं मूल याहून बरंच जोरात वाढायला हवं, हे कुणी बघत नाही. तोवर हाडांची टोकं जुळत येतात आणि उंची तिथेच थांबते. म्हणून डाव्या हाताच्या पंज्याचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघायचं.

दर सहा महिन्यांनी सकाळी, अनवाणी, वेणी सोडून, टाचा भिंतीला लावून माप घ्या. संध्याकाळी तेच मूल सेंटीमीटरभर कमी भरू शकतं. पाठीच्या कण्यालाही शेक असेल तर बसल्याची उंची वेगळी मोजा. पाय वाढतात, धड मागे राहतं, आणि पँट आखूड झाली म्हणून घरचे निर्धास्त होतात.

मुलांमध्ये डॉक्टर वेगवेगळ्या मापांच्या मण्यांच्या माळेशी वृषणांचा आकार ताडून बघतात. ४ मिली म्हणजे सुरुवात. पण वृषणाला शेक किंवा सायक्लोफॉस्फामाइडसारखं कॅन्सरचं औषध मिळालेलं असेल, तर मुलगा वयात येऊनही ते लहानच राहू शकतात. तिथे माळेवर विसंबू नका, सकाळी रक्तातलं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) आणि एलएच (वृषणांना चालना देणारं पियुषिकेचं हार्मोन) तपासा.

ओटीपोटाला किंवा अख्ख्या अंगाला शेक घेतलेल्या मुलीचं गणित निराळं. वयात येण्याआधी १० ग्रेसुद्धा अंडाशय निकामी करू शकतो. तेराव्या वर्षापर्यंत काहीच बदल नसेल तर थांबू नये. आणि ‘गोळी देऊन पाळी आणा’ हा हट्ट तर नकोच! इस्ट्रोजेन अगदी कमी मात्रेत सुरू करून दोन-तीन वर्षांत वाढवत न्यायचं असतं. एकदम पूर्ण डोस दिला तर स्तनांची वाढ नीट होत नाही, हाडंही लवकर बंद होतात.

लवकर सुरू झालेलं थोपवायला महिन्याचं किंवा तीन महिन्यांचं इंजेक्शन आहे. ते बंद केलं की शरीर पुन्हा पुढे सरकतं. वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच, आणि साधारणपणे उपचार संपून आजार किमान वर्षभर शांत राहिल्यावर.

उपचार बार्शीला झालेले असोत की मुंबईच्या टाटाला, सोलापुरातल्या बालरोगतज्ज्ञांना पहिला प्रश्न पडतो तो डोसचा, आणि डिस्चार्ज कार्डावर तो बऱ्याचदा नसतो. रेडिएशन विभागाकडून शेकाची जागा, एकूण डोस आणि तारखा लेखी मागून घ्या. जुन्या कागदावर १८०० सेंटीग्रे असेल तर ते १८ ग्रेच. त्याची झेरॉक्स उंचीच्या तक्त्याला टाचून ठेवा. पुण्याच्या हार्मोनतज्ज्ञाकडे जावं लागलं तर आधी हेच मागतील.