फिल्टरमधली साखर

अंटार्क्टिकातलं भारताचं मैत्री स्थानक शिर्माकर ओअॅसिसच्या खडकावर, आणि जहाज लागतं ते साधारण 100 किलोमीटरवर, बर्फाच्या कड्याला. मधलं अंतर पिस्टनबुली या पट्ट्यांच्या गाड्यांनी, मागे सामानाचे आणि इंधनाचे स्लेज ओढत काटायचं. त्या पहाटे पारा उणे 18 होता. तिसरी गाडी सुरू झाली, दहा मिनिटं मजेत गुरगुरली, आणि स्लेज ओढायला लागताच आरपीएम पडून बंद झाली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच.

इंधन गोठलं, असं एकजण म्हणाला. साध्या डिझेलमध्ये थंडीने मेण धरतं खरं. पण आमच्या टाकीत विमानाचं जेट ए-1 होतं, ते उणे 47 पर्यंत टिकतं. बॅटरी म्हणावी, तर इंजिन झोकात फिरत होतं. रिकामं नीट चालतं आणि लोड आला की दम तुटतो, म्हणजे इंधन पुरत नाही.

इंधनातलं पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटरचा ड्रेन उघडला तर थेंबही येईना. फिल्टर काढला तर कागदावर जाडी साखर पसरावी तसे बर्फाचे कण. चूक आमचीच. आदल्या संध्याकाळी वारा उडता बर्फ आणत असताना पिंपातून टाकी भरली होती, फनेलवर ताडपत्री न धरता. पिठासारखा बर्फ आत गेला. इंजिनाकडून परतणाऱ्या कोमट इंधनाने तो वितळला, आणि रात्री गाडी थंड झाल्यावर तेच पाणी फिल्टरमध्ये गोठलं.

इंजिनावर ताडपत्री टाकून आत गरम हवेचा ब्लोअर सोडला. ज्योतीचा ब्लोटॉर्च किंवा स्टोव्ह इथे हातातही घ्यायचा नाही. सेपरेटर वितळल्यावर तळचं पाणी काढलं. नवा फिल्टर स्वच्छ इंधनाने भरून बसवला, मग हातपंपाने लाइनमधली हवा काढली. बुडबुडे थांबेपर्यंत घाई नको, नाहीतर स्टार्टर फुकट तापतो.

अडीच तास गेले. तेवढ्यात स्लेजचे रनर, म्हणजे खालच्या घसरपट्ट्या, बर्फाला घट्ट चिकटले. सरळ हिसका दिला तर हुक किंवा स्लेज ओढायचा दांडा, टो-बार, तुटतो, म्हणून गाडी तिरकी वळवून आधी एक बाजू सोडवली, मग दुसरी. पुढच्या मुक्कामाला रनरखाली फळ्या घातल्या आणि टाक्या काठोकाठ भरल्या. अर्धी रिकामी टाकी रात्री ओली हवा ओढते, आणि ते पाणी पुन्हा फिल्टरलाच येतं.